थारोळं

सूर्य मोरगावच्या अंगाला कलला, तरी लोणीच्या माळावर अधांतरी टांगलेली ती चकाकती वस्तू काही बोलेना. राखेनं घासलेली परात कुणी आभाळाच्या खुंटीला अडकवावी, तशी ती सकाळपासून होती. ना घरघर, ना धूर. सत्तावन्न सालचा माघ सरत आला होता.

विहिरीच्या काठावर सिग्नल पलटणीतला नाईक जोतीराम आरशाच्या यंत्राचा खटका दाबत होता. उन्हाचे कवडसे वर जात होते. लांब, आखूड, लांब. वरून काही येत नव्हतं. कापलेल्या जोंधळ्याच्या रानात तोफा नळ्या वर करून उभ्या होत्या. वायरलेसवर हुकूम आला होता : दिवस मावळायच्या आत बोलली तर ठीक, नाहीतर पाडा. बोलत नाही तो वैरी, असं वरच्यांचं गणित. ‘मी बोलती करतो’ हे कॅप्टनसाहेबांना जोतीरामनंच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आणि पाडली तर ती पडणार कुठं, हे त्याला वर न बघताही कळत होतं. माळाखाली त्याचं गाव होतं.

विहीरही त्याच्याच घरची. तिथं त्याचे वडील महिपतीआबा मोट हाकत होते. साहेबांनी त्यांना मोट बंद ठेवायला सांगून पाहिलं होतं. कांदा सुकतोय, तो काय लष्करात भरती झालेला न्हाय, असं म्हणून आबांनी बैलं तशीच हाकली होती.

आता बैलांना दम खाऊ देत आबा लेकाजवळ टेकले.

“काय इचारतुयास रं त्याला?”

“तू कोन, कुठनं आलास, काय काम हाय.”

“सकाळपासनं ह्येच?”

“तसंच ठरवून दिलंय, आबा.”

“ही फौजदाराची बोली झाली. आन् तीबी डोळं मिचकावून. मी आसतो तर मीबी गप बसलो आसतो.”

सावल्या लांबल्या होत्या. तोफांजवळचे जवान कानांत कापसाचे बोळे घालू लागले होते.

आबा उठून मोटेच्या जाड दोरावर, नाड्यावर बसले. बैलं धावेच्या उतारावरून खाली निघाली, चाक कुईकुई करू लागलं आणि आबांचा सूर लागला,

खोल खोल अंधारातनं आला पान्याचा पावना,
ये रं बाबा, बस वाईच, मळा तुझाच आपला ना...

पुढची ओळ आबा कधी म्हणत नसत. ती पाणी म्हणायचं. मोट वर येऊन थारोळ्याच्या दगडी कुंडात उपडी व्हायची, आणि गाण्यात मोकळी सोडलेली जागा भळाभळा भरून जायची.

जोतीरामचं बोट खटक्यावर होतं. ते गाण्याबरोबर कधी उठू-पडू लागलं, त्याचं त्याला कळलं नाही. आबा थांबले तिथं ते थांबलं. पाणी पडलं. वर काहीच हललं नाही.

साहेब धावत आले. हे काय भलतंच पाठवतोयस, म्हणाले.

“बैठने को बोल रहा हूँ, साब.”

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग सूर्याकडं. एक हात वर करून त्यांनी तोफा रोखल्या, आणि दुसऱ्या हातानं त्याला खूण केली. फिरून एकदा.

बैलं पुन्हा खाली निघाली. आबांनी सूर धरला, आणि या खेपेला जोतीरामनं अख्खं गाणं जाणून-समजून आभाळात लिहिलं. अंधारातला पाहुणा, मळा, ‘आपला ना’. मग बोट उचललं आणि जागा मोकळी सोडली.

मोट उपडी झाली. आणि त्याच क्षणी वरच्या परातीची कड कलून उजेड सांडला. संथ, भरघोस, पाण्यासारखा. बांधावर, कांद्याच्या वाफ्यांवर, तोफांवर, जवानांच्या वर वळलेल्या तोंडांवर. इकडं पाणी निथळून थांबलं, तसा तिकडं उजेडही थांबला.

मग टोप्या उडाल्या. साहेब वायरलेसकडं पळताना पाटात पडले आणि चिखलानं माखलेल्या हातातच यंत्र धरून, बोलली, बोलली, असं ओरडत राहिले. तोफांच्या नळ्या एकेक करून खाली झाल्या. पुढच्या खेपेला पंजाबचे, मद्रासचे, कुठकुठचे जवान अर्थ न कळता ‘आपला ना’ म्हणत होते, आणि वरून पुन्हा उजेड सांडत होता. जोतीरामचे डोळे भरून आले होते; आरशाच्या तिरपीनं, असं तो म्हणाला.

मग ती वस्तू माळावरून हळूहळू वर सरकू लागली. वळली नाही. उजळलेली कड इकडंच ठेवून, मागं मागं. साहेबांचा चेहरा उतरला. गेली, म्हणाले.

आबांनी कासरा सैल सोडला. रिकामी मोट विहिरीत उतरू लागली आणि बैलं धावेवरून मागं मागं वर चढू लागली.

“जातोय कुठं,” आबा म्हणाले. “भराया गेलाय.”