पहिली तुकडी

आमच्या घोडपदेवच्या घरात रविवारी तव्यावरची माशाची पहिली तुकडी मला मिळते, मीठ बघायला. लग्न झालं तेव्हा अपेक्षा कालथा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी म्हणायचो, "बरी झालीय." पुढे तिने विचारणंच सोडलं.

गेल्या महिन्यात परळच्या एका हॉस्पिटलात अभ्यासासाठी धडधाकट माणसांच्या मेंदूचे फोटो काढत होते. मीही नाव दिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजार काही नाही. फक्त आनंद झाला की उजळतो तो भाग तुमच्यात जरा लहान आहे."

घरी येऊन अपेक्षाला सांगितलं.

त्या रविवारी मी सुरमईची तुकडी चावली आणि पडद्यामागच्या खोलीतून बोटं चाटल्याचा आवाज आला. मग कोणीतरी म्हणालं, "वा! एक नंबर झालीय!"

आवाज माझा होता.

मी पडदा सारला. आत नुसता पंखा फिरत होता.

पुढच्या रविवारीही तेच झालं. म्हणून आज मी घास तोंडात तसाच धरून ठेवला, चावलाच नाही. पलीकडे मात्र कोणीतरी चवीने चावत होतं.

"स्वप्नील, मीठ बरोबर आहे ना रे?" अपेक्षाने विचारलं. किती वर्षांनी विचारलं.

मी घाईघाईने गिळलं. "बरोबर आहे."

कालथा हातात धरून ती पडद्याकडे बघत होती. चेहरा खुलला होता.

"तू जेव गप," ती म्हणाली. "तुला नाही विचारलं."