तिसरी शिट्टी

अपडेटनंतर सोनटक्केकाका उत्तम चालत होते, बोलत होते, शब्दकोडीही सोडवत होते. तक्रार एकच होती.

"कुकरच्या शिट्ट्या मोजत नाहीत," निर्मलाकाकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं बाहेरून सांगायचे, तीन झाल्या म्हणून. मी कधी मोजल्याच नाहीत. या आठवड्यात दोनदा वरण करपलं."

पक्षाघातानंतर काकांच्या मेंदूत बसवलेल्या चिपची देखभाल केतकीकडे होती, पण असली तक्रार तिने प्रथमच ऐकली. तिने टॅबलेट जोडून चिपमधल्या घड्याळांची यादी उघडली. ज्या घड्याळावर कुठल्याच प्रोग्रॅमने हक्क सांगितलेला नसे, ते घड्याळ नवं अपडेट बॅटरी वाचवायला बंद करून टाकत असे. असं एकच सापडलं, सतरा नंबरचं. ते कशासाठी ठेवलंय, हे चिप बनवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. काकांच्या मेंदूने ते परस्पर वापरायला घेतलं असेल का?

तिने ते चालू केलं आणि काकूंना कुकर लावायला सांगितलं. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली. काका कोड्यात डोकं घालून बसले होते. तिसरी झाली.

"निर्मला, तीन झाल्या," काका मान वर न करता म्हणाले.

काकू लगबगीने गॅस बंद करायला गेल्या. घड्याळ पुन्हा बंद पडू नये म्हणून केतकीने त्यापुढे 'अत्यावश्यक' अशी खूण केली, पण टॅबलेट ती स्वीकारेना. एक रकाना रिकामा होता. तिने तो मोठ्याने वाचला, "हे घड्याळ कोण वापरतं?"

"मी," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "माझं नाव घाल."