करवंदीचं वळण

हैबतदादांनी केतकीपुढे बूट ठेवले. काजळदरीची पायवाट पळणाऱ्या प्रत्येकाची पावलं जपून ठेवायची आणि हव्या त्या माणसाची पावलं या बुटांच्या तळव्यांत थरथर होऊन उमटायची.

"तुमच्या बाबांचीच लावलीत, वारायच्या आधी ते शेवटचे पळाले त्या दिवसाची," हैबतदादा म्हणाले. "पण ताई, करवंदीच्या वळणावर ते दोन मिनिटं थांबायचे. विचारलं की म्हणायचे, लेस सुटली. रोज तिथंच कशी सुटते हो? त्यांच्या पावलांमागे पळणारे बाकीचे कुरकुरतात. तेवढा थांबा कापू का? घरच्यांची सही लागते."

केतकीने सही केली आणि निघाली.

अकरा वर्षांनी ती इथे पळत होती. पहिल्याच चढावर बाबांची पावलं पुढे गेली आणि तळव्यांतली थरथर विरली. ती दहा वर्षांची असतानाही असंच व्हायचं. ती धापा टाकत वळणावर पोचायची, तेव्हा बाबा वाकलेले असायचे. "आलीस? लेस सुटली बघ माझी." तू मागे पडलीस, असं ते कधीच म्हणाले नाहीत.

वळणावर तिच्या तळव्यांना उभ्या माणसाचा भार जाणवला. अकरा वर्षं त्यांच्या मागे कोणीच नव्हतं.

तिने फोन लावला. "दादा, कापू नका."

"का हो ताई?"

"लेस बांधतायत ते."

तिचा श्वास स्थिरावला, तशी पावलं निघाली. सावकाश, दहा वर्षांच्या मुलीला जमतील अशी.