आडनावाचं घर

धाकटीच्या दारावरची ‘पटवर्धन’ पाटी बघूनच माझ्या पोटात दुखलं. लग्नात तिचं आडनाव बदललं आणि पहिल्याच सोसायटीत तिला फ्लॅट मिळाला. मी ‘सोनकांबळे’ म्हटलं की कुठलाही फ्लॅट नेमका कालच गेलेला असतो. म्हणून मी अजून वस्तीतल्या खोलीतच.

“बाबांचा फोटो कुठाय गं?” मी मुद्दाम विचारलं. जात बघून घर नाकारणाऱ्यांविरुद्ध आमचे वकील बाबा जन्मभर कोर्टात लढले होते.

तिने कपाट उघडून साड्यांखालून फोटो काढला. “खाली पूर्ण नाव आहे ना, ताई. शेजारी येतात.”

मग तो माझ्या हातात दिला. “तुझ्याकडे निदान भिंतीवर तरी राहतील.”

सकाळपासून मी तिच्या बाल्कनीकडे ज्या नजरेने बघत होते, त्याच नजरेने ती माझ्याकडे बघत होती.