संस्था वाचली

"रुग्णांच्या फायलींत विरोधी पक्षाची पत्रकं कोणी घातली?" करखात्याच्या अधिकाऱ्यांनी विचारलं.

पत्रकं घातली होती सिस्टरनेच. घालायला सांगितलं होतं अध्यक्षांनी. आणि अध्यक्ष समोरच्या खुर्चीत पोटावर हात बांधून बसले होते, जणू दुसऱ्याच कुणाची संस्था बुडत होती. मोफत डायलिसिस केंद्राचा हा कर्ता पुरुष! फीत कापायला सगळ्यांत पुढे, निस्तरायची वेळ आली की मख्ख.

"करमाफी घेणाऱ्या संस्थेला पक्षाचा प्रचार करता येत नाही," अधिकारी म्हणाले. "माफी रद्द होईल."

माफी गेली की देणगीदार पाठ फिरवणार आणि सहाच्या सहा मशीन बंद पडणार. खिडकीजवळच्या मशीनवर मंगळवारी आणि शुक्रवारी सिस्टरचा सख्खा भाऊ असायचा. दुसरीकडचा खर्च त्याला या जन्मात झेपला नसता.

तक्रार निनावी होती, पण नेमकी. कोणत्या दिवशी, किती फायलींत, सगळं त्यात होतं. आतल्याच कुणाचं तरी काम.

"साहेबांना हवं ते दाखवा, सिस्टर," अध्यक्ष म्हणाले. "आपण काही लपवायचं नाही."

खरेपणा या माणसाला आजवर शिवला नव्हता. शिवायचा तो नेमका आजच? सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फोन आला म्हणून अध्यक्ष आपल्या खोलीत गेले. दार लागताच ती म्हणाली, "पत्रकं मी घातली. माझ्या मनाने. संस्थेला ठाऊक नव्हतं."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "खोटं बोलताय, बाई."

"लिहून देते. राजीनामाही देते."

पलीकडच्या हॉलमध्ये मशीन घरघरत होती. अधिकाऱ्यांनी तिकडे एकदा पाहिलं आणि चष्मा पुन्हा चढवला.

"एका कर्मचाऱ्याचा आगाऊपणा," ते म्हणाले. "संस्थेला फक्त ताकीद. प्रकरण बंद."

अठरा वर्षांची नोकरी दोन ओळींत संपली. तरी सिस्टर जवळजवळ धावतच अध्यक्षांच्या खोलीत गेली. ते आरशासमोर नवं पांढरं जाकीट घालून पाहत होते.

"साहेब, संस्था वाचली! करमाफी कायम राहिली!"

अध्यक्षांचा चेहरा खर्रकन उतरला.

"राहिली? अहो, सरकारने गरिबांचं केंद्र बंद पाडलं म्हणून उद्यापासून मी उपोषणाला बसणार होतो! पक्षाचं तिकीट त्यावरच ठरलं होतं!" ते मटकन खुर्चीत बसले. "आठ दिवस डोकं खाजवून लिहिली होती मी ती तक्रार!"