ब्रेकचा पुरावा

सर्व्हिस सेंटरचा मेकॅनिक दोनदा म्हणाला होता, “आमच्यासमोर ब्रेक नीट लागतात. दगा देतील तेव्हा व्हिडिओ काढा, मग वॉरंटीत नवे बसवू.” ब्रेक तापले की बिघडतात, हा माझा अंदाज, म्हणून लांब उतार मीच निवडला. बाबांनी गाडी काढली. मी त्यांच्या पायांवर फोन रोखला. “डॉक्टर दिसला की दुखणं पळतं, तसं हिचं,” बाबा हसले. तेवढ्यात पेडल तळाला टेकलं तरी गाडी थांबेना. समोर रेल्वेचं फाटक बंद होतं. फोन टाकून मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. बोनेट फाटकाला टेकून थांबलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने व्हिडिओ लावला. पेडल दिसलं, मग नुसता अंधार, आणि तेव्हा मला ऐकूच न आलेला बाबांचा आवाज: “दार उघड, बाळा! उडी मार!” “चावी द्या,” मेकॅनिक म्हणाला. माझी मूठ उघडेना.