आईचं फडकं

अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर घरोघरी किरणोत्सर्ग मोजणं हे तिचं काम होतं. बाबांच्या घरातले आकडे उतरले होते, फक्त स्वयंपाकघरात मापक अजून कडकडायचं. ते थांबेपर्यंत ती तान्ह्या लेकीला तिथे आणणार नव्हती. “रोज फरशी पुसतो गं, कानाकोपरा सोडत नाही!” बाबा कुरकुरले. “नात काय फोटोतच रांगणार?” मग तीच मापक घेऊन फरशीवर रांगली. दाराआडच्या फडक्यापाशी मापकानं आकांत मांडला. घरभरची दूषित धूळ त्यातच मुरली होती. आईनं स्वतःच्या जुन्या गाऊनचं केलेलं ते फडकं. आई गेल्यावर बाबांनी ते बदललंच नव्हतं. “बाबा, हे टाकावं लागेल.” बाबांनी हातमोजे चढवले, फडक्याची नीट घडी घालून ते पिशवीत ठेवलं. पिशवी अंगणात जाताच मापक शांत झालं. “अजूनही घर तुझी आईच आवरतेय!” बाबा हसले. “जा, आता पोरीला आण.”